थॅलसेमिया मेजर आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस: अँटिऑक्सिडंटची बाटली घेण्याआधी घरी काय काय करायचं

थॅलसेमिया मेजर, म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन नीट तयार न होणारा आणि नियमित रक्त चढवावं लागणारा आजार, असलेल्या मुलाच्या आईवडिलांना कुणीतरी नातेवाईक एखादा रिपोर्ट नाहीतर जाहिरात पाठवतो. त्यात लिहिलेलं असतं की या आजारात 'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस', म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रॅडिकल नावाच्या आक्रमक रेणूंचा ताण, वाढलेला असतो आणि त्यांना आवरणारी शरीरातली अँटिऑक्सिडंट कमी झालेली असतात. माहिती खोटी नसते. पण पुढचा प्रश्न लगेच येतो, 'मग कुठलं अँटिऑक्सिडंट सुरू करू?' इथेच बरीच घरं चुकीच्या वाटेला लागतात. पैसे जातात, आणि त्याहून मोठं नुकसान म्हणजे ज्या उपायाने हा ताण खरोखर कमी होतो त्याच्याकडे दुर्लक्ष होतं.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. थॅलसेमिया मेजरमध्ये सगळ्यात मोठं अँटिऑक्सिडंट म्हणजे वेळेवर चढवलेलं रक्त आणि एकही दिवस न चुकवता दिलेलं लोह काढणारं औषध. व्हिटॅमिन, आहार आणि बाकीच्या गोष्टी त्यानंतर येतात. पुढच्या पायऱ्याही याच क्रमाने दिल्या आहेत. इथले डोसचे आकडे डॉक्टरांशी बोलताना समज असावी म्हणून दिले आहेत. त्यांच्या आधारावर घरी डोस कमीजास्त करू नका.

आधी बिघाड कुठे होतो ते समजून घ्या

हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या साखळ्या जोडीने लागतात. बीटा थॅलसेमियात बीटा साखळ्या फारच कमी किंवा अजिबात तयार होत नाहीत. अल्फा साखळ्या मात्र तयार होतच राहतात. जोडीदार न मिळालेल्या या साखळ्या अस्थिर असतात. त्या पेशीच्या आतच साचतात, त्यांच्यातलं हीम (हिमोग्लोबिनचा लोह धरून ठेवणारा भाग) आणि लोह सुटं होतं आणि पेशीचं आवरण आतून बिघडायला लागतं. बहुतेक तांबड्या पेशी अस्थिमज्जेतून बाहेर पडण्याआधीच मरतात. नुकसानाचा हा पहिला उगम. तो मुलाच्या स्वतःच्या पेशींमधला आहे.

दुसरा उगम उपचारातून येतो. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं. निरोगी माणसाच्या शरीरातून दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर पडतं आणि जास्तीचं लोह काढून टाकण्याची वेगळी सोय शरीरात नसते. महिन्याला दोन पिशव्या धरल्या तर रोजचे सरासरी १३ मिलिग्रॅमच्या वर लोह थेट रक्तात जमा होतं. लोह वाहून नेणारं ट्रान्सफेरिन नावाचं प्रथिन भरून गेलं की उरलेलं लोह मोकळं फिरतं. हे मोकळं लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी भिडलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतो. हेन्री फेंटन या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये ज्या अभिक्रियेचं वर्णन केलं होतं, तीच ही. हायड्रॉक्सिल रॅडिकल जवळ जे सापडेल त्यावर हल्ला करतो, मग ते पेशीचं आवरण असो, प्रथिनं असोत वा डीएनए. मोकळं लोह हृदयाच्या स्नायूत, यकृतात, स्वादुपिंडात आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत शिरतं. पुढे हृदय कमकुवत होणं, मधुमेह, उंची खुंटणं, वयात यायला उशीर होणं हे सगळं तिथूनच सुरू होतं.

शरीराकडे बचावाची यंत्रणा असते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही एन्झाइमं, ग्लुटाथायोन, व्हिटॅमिन ई आणि सी, शिवाय एन्झाइमांना लागणारं झिंक, तांबं आणि सेलेनियम. थॅलसेमियात ही शिबंदी रोज लढत असते म्हणून संपत जाते. जास्तीचं लोह तसंच ठेवून वरून अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा रिपोर्ट हातात आला तर

काही लॅब आता 'एमडीए', 'टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी', 'एसओडी' (वर सांगितलेलं सुपरऑक्साइड डिसम्युटेज) अशा तपासण्यांचं पॅकेज विकतात. एमडीए, म्हणजे मॅलॉनडायअल्डिहाइड, हा चरबीयुक्त आवरणं जळल्यावर उरणारा पदार्थ. थॅलसेमिया मेजरच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासांमध्ये तो बहुतेक ठिकाणी वाढलेला आणि व्हिटॅमिन ई कमी आढळतं. याबाबत संशोधनात बऱ्यापैकी एकमत आहे. एसओडीसारख्या एन्झाइमांचं तसं नाही. काही अभ्यासांत ती घटलेली दिसतात, तर काहींत वाढलेली, कारण ताण वाढला की शरीर आधी ती जास्त तयार करतं.

घरच्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. नियमित रक्त घेणाऱ्या मुलाच्या शरीरातल्या बऱ्याचशा तांबड्या पेशी रक्तदात्याच्या असतात. त्यामुळे पेशींमधली एन्झाइमं मोजली तर आकडा मुलाचा आहे की दात्याचा हे सांगणं अवघड जातं. आणि 'टोटल अँटिऑक्सिडंट कपॅसिटी'चा मोठा हिस्सा युरिक ॲसिडमुळे येतो. युरिक ॲसिड वाढलं की रिपोर्ट 'छान' दिसू शकतो. शिवाय नमुना घेताना रक्तपेशी फुटल्या, किंवा नमुना तपासणीआधी बराच वेळ पडून राहिला, तरी आकडे हलतात. संशोधनासाठी या तपासण्या मोलाच्या आहेत. तुमच्या मुलाचा उपचार मात्र त्यांच्यावरून ठरत नाही. त्याच पैशात फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी तपासणी), यकृताच्या तपासण्या, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि व्हिटॅमिन डी करून घ्या.

पायरी १: रक्त उशिरा देऊ नका

'जेवढं रक्त कमी, तेवढं लोह कमी' असा हिशेब करून अनेक पालक तारीख पुढे ढकलतात. मुलगा खेळतोय, चेहरा बरा दिसतोय, चार दिवस थांबू. भावना समजते, पण हिशेब उलटा आहे. हिमोग्लोबिन खाली गेलं की मुलाची अस्थिमज्जा जोमाने कामाला लागते आणि त्याच सदोष पेशी, त्याच सुट्या अल्फा साखळ्या आणखी तयार होतात. शिवाय अशा मज्जेकडून निघणाऱ्या संदेशामुळे हेप्सिडिन हे संप्रेरक घटतं आणि आतडं अन्नातलं लोह जास्त शोषू लागतं. म्हणजे रक्त कमी दिल्याने ऑक्सिडेटिव्ह ताणाचा पहिला उगम उघडा राहतोच, वर गालाची-कपाळाची हाडं रुंदावणं आणि प्लीहा वाढणंही होतं.

रक्त चढवण्याआधीचं हिमोग्लोबिन साधारण ९.५ ते १०.५ ग्रॅमच्या दरम्यान राहावं, हे थॅलसेमियाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमधलं उद्दिष्ट आहे. हृदयविकार असेल तर डॉक्टर ते थोडं वर ठेवतात. त्यासाठी बहुतेक मुलांना दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं. एक वही करा आणि दर वेळी चार गोष्टी लिहा: तारीख, रक्त देण्याआधीचं हिमोग्लोबिन, किती मिलिलिटर रक्त दिलं, मुलाचं वजन. वर्षाअखेर या वहीवरून डॉक्टर दर किलोमागे किती रक्त लागलं ते काढतात. तो आकडा वाढत असेल तर प्लीहा पेशी खातेय का, किंवा दात्याच्या रक्ताविरुद्ध अँटिबॉडी तयार झाल्यात का, हे बघावं लागतं. पॅक्ड रेड सेल (मुख्यतः तांबड्या पेशींची पिशवी) आणि पांढऱ्या पेशी गाळलेलं रक्त मिळेल का, हे रक्तपेढीत दर वेळी विचारा. विचारायला संकोचू नका.

मुंबईत बोरिवलीला महापालिकेचं सर्वंकष थॅलसेमिया केंद्र आहे, परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. पण जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्या मुलासाठीही ही वही सगळीकडे सारखीच उपयोगी. डॉक्टर बदलले, गाव बदललं तरी ती बरोबर असते.

पायरी २: लोहाचा हिशेब ठेवा

दहा ते वीस वेळा रक्त चढवून झालं, किंवा फेरिटिन १००० नॅनोग्रॅमच्या वर गेलं, की लोह काढणारं औषध, म्हणजे चिलेशन, सुरू करायचं असतं. सहसा ही वेळ वयाच्या दोन वर्षांच्या आसपास येते. त्यानंतर दर तीन महिन्यांनी फेरिटिन.

फेरिटिनचा एक दोष माहीत असू द्या. ताप, संसर्ग किंवा यकृताची सूज असताना ते लोहाशिवायही वाढतं. म्हणून सर्दी-तापात तपासू नका, शक्यतो एकाच लॅबमध्ये तपासा आणि एका आकड्याने घाबरू नका. सलग चार आकडे वहीत एकाखाली एक लिहिले की दिशा दिसते. फेरिटिन सतत २५०० च्या वर राहिलं तर हृदयाचा धोका वाढतो. १००० च्या खाली आणणं हे उद्दिष्ट.

यकृत आणि हृदयात नेमकं किती लोह साचलंय ते एमआरआयने कळतं. हृदयासाठी 'टी-टू-स्टार' हा आकडा बघतात. तो २० मिलिसेकंदांच्या वर असेल तर ठीक, २० च्या खाली गेला तर हृदयात लोह आहे आणि १० च्या खाली म्हणजे हृदय निकामी होण्याचा मोठा धोका. यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे ७ मिलिग्रॅमपर्यंत लोह सौम्य मानतात, १५ च्या वर गंभीर. मूल साधारण आठ-दहा वर्षांचं झालं, एमआरआयमध्ये शांत पडून राहू शकलं, की हा तपास सुरू होतो. फेरिटिन बरं दिसतंय पण हृदयात लोह साचलंय, असंही घडतं. म्हणून फेरिटिन चांगलं असताना एमआरआय टाळू नका.

पायरी ३: औषध रोज, आणि खरंच रोज

ही पायरी सगळ्यात मोठी आहे.

रक्तात फिरणारं मोकळं लोह चिलेशनचं औषध चालू असेपर्यंत बांधलेलं राहतं. डेफेरोक्सामाइनचा पंप थांबला की काही मिनिटांतच ते पुन्हा दिसू लागतं. साचलेलं लोह हळूहळू काढणं हे औषधाचं एक काम. चोवीस तास मोकळ्या लोहावर पहारा ठेवणं हे दुसरं काम, आणि ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या दृष्टीने हेच महत्त्वाचं. आठवड्यातले दोन दिवस औषध चुकलं तर त्या दोन दिवसांत हृदय उघडं पडतं. नंतर डोस दुप्पट करून ते भरून निघत नाही. उलट त्याचा त्रासच होतो.

आज तीन औषधं वापरात आहेत.

डेफेरोक्सामाइन सगळ्यात जुनं. त्वचेखाली सुई लावून पंपाने आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री. कष्टाचं आहे, महाग आहे, पण हृदय धोक्यात असताना आजही याचाच आधार घेतात. वर्षातून एकदा कान आणि डोळ्यांची तपासणी करायची.

डेफेरिप्रोन ही तोंडाने घ्यायची गोळी, दिवसातून तीन वेळा. पंप न परवडणाऱ्या आपल्याकडच्या हजारो घरांसाठी ही गोळी आली तेव्हा मोठा आधार झाला. भारतात तिला १९९० च्या दशकातच परवानगी मिळाली, अमेरिकेत २०११ मध्ये. हृदयातलं लोह काढण्यात ती चांगली. लघवी लालसर होते, त्याला घाबरू नका, ते लोह बाहेर पडतंय. घाबरायचं ते पांढऱ्या पेशी अचानक कोसळण्याला. शंभरात एखाद-दोन रुग्णांत हे होतं आणि लक्ष नसेल तर जिवावर बेततं. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला पांढऱ्या पेशींची तपासणी लागते. सांधे, विशेषतः गुडघे दुखले तर सांगायचं.

डेफेरासिरॉक्स दिवसातून एकदाच. घरोघरी आज जास्त करून हेच दिसतं. यात एक गोष्ट नीट वाचा. हे दोन रूपांत मिळतं. पाण्यात विरघळवायची गोळी उपाशीपोटी, जेवणाच्या अर्धा तास आधी, रोज ठरलेल्या वेळी, पाण्यात किंवा संत्र्याच्या वा सफरचंदाच्या रसात ढवळून द्यायची; चावायची किंवा गिळायची नाही. तळाशी राहिलेला गाळही थोडं पाणी घालून प्यायला द्या, तो औषधाचाच भाग आहे. दुसरी आवरण असलेली गोळी, ती गिळायची, हलक्या खाण्याबरोबर चालते. दोन्हींचा डोस सारखा नसतो. आवरणाच्या गोळीचा डोस सुमारे तीस टक्क्यांनी कमी असतो. दुकानदाराने 'हेच औषध, फक्त कंपनी वेगळी' असं सांगून दुसऱ्या रूपातली गोळी दिली तर मुलाला जास्त डोस जाऊ शकतो. पाकीट बदललं की आधी फोन करा. क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन आणि यकृताच्या तपासण्या दर महिन्याला. ॲसिडिटीची ॲल्युमिनियमयुक्त औषधं याबरोबर द्यायची नाहीत.

रोज औषध घेण्याला मुलं कंटाळतात, चौदा-पंधराव्या वर्षी तर हमखास. ओरडून ते सुटत नाही. वेळ एखाद्या रोजच्या सवयीला बांधा, गोळ्यांचा साप्ताहिक डबा ठेवा, आणि मुलाला स्वतःच्या फेरिटिनचा आलेख स्वतः काढू द्या. औषध खिशात टाकून फेकलं हे कळलं तर आधी का ते विचारा. पुष्कळदा पोटदुखी किंवा चव हे कारण निघतं, आणि त्यावर डॉक्टरांकडे इलाज असतो.

पायरी ४: व्हिटॅमिन सी, सगळ्यात फसवा मित्र

व्हिटॅमिन सी हे अँटिऑक्सिडंट आहे हे शाळेच्या पुस्तकातही असतं. पण मोकळं लोह भरपूर असताना ते उलटं वागतं. साठ्यातलं लोह ते बाहेर ओढतं आणि त्याचं रूप असं बदलतं की फेंटनची अभिक्रिया आणखी वेगाने चालते. लोह साचलेल्या रुग्णांना व्हिटॅमिन सी मोठ्या डोसात दिल्यावर हृदय बिघडल्याची नोंद वैद्यकशास्त्रात आहे.

गुंता असा की या मुलांमध्ये व्हिटॅमिन सी खरोखर कमी असतं, कारण लोह ते जाळून टाकतं. म्हणून डेफेरोक्सामाइनच्या पंपाबरोबर, चिलेशन सुरू होऊन काही आठवडे झाल्यावर, दर किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंतच आणि पंप चालू असतानाच ते देतात. वीस किलोच्या मुलासाठी हे ४० ते ६० मिलिग्रॅम होतं. दुकानात मिळणारी चघळायची गोळी ५०० मिलिग्रॅमची असते. फरक बघा. तोंडाने घ्यायच्या औषधांबरोबर तर व्हिटॅमिन सीची गोळी देण्याची शिफारसच नाही.

आवळा, पेरू, संत्रं, लिंबू बंद करायचं का? नाही. फळ म्हणून, रोजच्या खाण्याइतकं, मजेत खाऊ द्या. टाळायचं ते गोळ्या, 'इम्युनिटी'ची पावडर, आणि चमचे-चमचे च्यवनप्राश.

पायरी ५: बाकीची पूरकं, प्रत्येकाची वेगळी गोष्ट

व्हिटॅमिन ई चरबीयुक्त आवरणांचं रक्षण करतं आणि या रुग्णांत ते कमी असतं, म्हणून संशोधकांनी ते देऊन पाहिलं. रक्तातली पातळी वाढते, एमडीए घटतं. रक्ताची गरज कमी होईल असा भरवसा मात्र त्यातून मिळालेला नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं तर द्या. स्वतःहून मोठ्या डोसाच्या कॅप्सूल देऊ नका. प्लीहा काढल्यानंतर ज्यांना ॲस्पिरिन चालू असतं त्यांच्यात रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. करडई, सूर्यफूल आणि शेंगदाण्याचं तेल, बदाम, सूर्यफुलाच्या बिया यांतून ते रोजच्या जेवणात येतं.

झिंककडे माझं जास्त लक्ष असतं. चिलेशनच्या औषधांबरोबर झिंकही लघवीवाटे जातं, आणि त्याची कमतरता वाढीवर, भुकेवर दिसते. तपासून घ्या. डेफेरिप्रोन चालू असेल तर झिंकची गोळी आणि त्यात किमान चार तासांचं अंतर ठेवा, नाहीतर दोन्ही एकमेकांना बांधून वाया जातात. व्हिटॅमिन डी या मुलांत फार वेळा कमी सापडतं, हाडं आधीच ठिसूळ असतात, त्यामुळे ते मोजून भरून काढणं गरजेचं. फॉलिक ॲसिड नियमित रक्त घेणाऱ्याला बहुधा लागत नाही. ज्याचं हिमोग्लोबिन कमी राहतं किंवा ज्याला क्वचितच रक्त लागतं, त्याला लागतं.

हळदीबद्दल विचारणा फार होते. थायलंडमध्ये ई-बीटा थॅलसेमियाच्या (बीटा थॅलसेमियाचाच एक प्रकार) रुग्णांना वर्षभर हळदीतल्या कर्क्युमिनॉइड या घटकांच्या कॅप्सूल दिल्या, तेव्हा ऑक्सिडेटिव्ह ताणाचे आकडे सुधारले. औषध थांबवल्यावर काही महिन्यांत पुन्हा आधीच्या जवळ आले. हिमोग्लोबिन वाढलं नाही. भाजी-आमटीतली हळद घाला, पण तिच्या भरवशावर चिलेशन सोडू नका. गव्हांकुराच्या रसाचंही तसंच. २००४ मध्ये चंदीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेतून एक छोटा, आशादायक अभ्यास आला आणि गावोगावी गव्हांकुर लावले गेले. नंतरच्या अभ्यासात रक्ताची गरज कमी झालेली दिसली नाही.

पायरी ६: स्वयंपाकघर आणि 'रक्तवाढी'चे उपाय

आपल्याकडे फिकट मूल दिसलं की गावातला प्रत्येक जण अळीवाचे लाडू, खजूर, गूळ-शेंगदाणे, बीटचा रस सुचवतो. ते मायेनेच बोलतात. पण त्यांना लोहाच्या कमतरतेचा पंडुरोग माहीत असतो. हा आजार त्याच्या उलट आहे. घरच्यांना, आजीला, शाळेच्या बाईंना हे एकदा शांतपणे समजावून सांगा.

नियमित रक्त घेणाऱ्या मुलाच्या आहाराचं बंधन फार ताणू नका. रक्तातून येणाऱ्या लोहापुढे पालेभाजीतलं लोह किरकोळ आहे. मुलाला मेथी-पालक तोडून कुपोषित करण्यात काही अर्थ नाही. अळीवाचे लाडू, कलेजी, लोखंडी कढईत शिजवलेली आंबट भाजी हे नेहमीचं करू नका, एवढं पुरे. थॅलसेमिया इंटरमीडिया असेल, म्हणजे रक्त क्वचितच लागत असेल, तर गोष्ट वेगळी. त्यांच्यात आतड्यातूनच लोह जास्त शोषलं जातं. त्या मोठ्या माणसांनी जेवणाबरोबर कोरा चहा घेतला तर लोहाचं शोषण कमी होतं.

रेशनच्या पोषणयुक्त तांदळाची भीती बरीच पसरली आहे. त्यात किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह मिसळलेलं असतं. रोज शंभर ग्रॅम तांदूळ खाल्ला तर ३ ते ४ मिलिग्रॅम, आणि त्यातलाही थोडाच भाग शोषला जातो. रक्त घेणाऱ्या मुलासाठी यावरून झोप उडवू नका. इंटरमीडियाच्या रुग्णाने आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावं.

खरा धोका गोळ्या आणि भस्मांत आहे. शाळेत आणि अंगणवाडीत लोह-फॉलिकच्या गोळ्या व सिरप वाटतात, किशोरवयीन मुलांना दर आठवड्याला निळी गोळी. थॅलसेमिया मेजरच्या मुलांना ती द्यायची नाही, हे सरकारी सूचनांतच आहे, पण वर्गात वाटप करणाऱ्याला ते माहीत असेलच असं नाही. वर्षाच्या सुरुवातीला मुख्याध्यापकांना डॉक्टरांच्या चिठ्ठीसह लेखी कळवा आणि पोच घ्या. लोहासव, मंडूर भस्म, पुनर्नवा मंडूर, धात्री लोह, लोह भस्म, यांत लोहच आहे; 'नैसर्गिक' आहे म्हणून ते शरीरात वेगळं वागत नाही. मल्टिव्हिटॅमिनच्या बाटलीवरचा मजकूर वाचा, त्यात 'फेरस' किंवा 'आयर्न' आढळलं तर परत करा.

याच जागी जी-६-पीडीचा उल्लेख करतो. तांबड्या पेशीतलं ग्लुटाथायोन ताजं ठेवणाऱ्या या एन्झाइमची कमतरता आपल्याकडे काही समाजांत बरीच आढळते आणि ती थॅलसेमियाबरोबरही असू शकते. एकदा तपासून घ्या, शक्यतो नियमित रक्त सुरू होण्याआधी. कमतरता असेल तर कपाटातल्या डांबराच्या गोळ्या घरातून काढा आणि कोणतंही नवं औषध घेताना डॉक्टरांना हे आधी सांगा.

पायरी ७: वाट न बघता दवाखान्यात जायचे प्रसंग

डेफेरिप्रोन चालू असताना ताप आला किंवा घसा दुखू लागला: गोळी थांबवा आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्या. उद्या बघू म्हणू नका.

डेफेरोक्सामाइनवर असताना तापाबरोबर पोटदुखी, जुलाब: पंप बंद करून रुग्णालयात. यर्सिनिया नावाचा जिवाणू लोहावर आणि या औषधावर फोफावतो.

डेफेरासिरॉक्सवर असताना उलट्या-जुलाब होऊन मूल सुकलं: औषध चालू ठेवायचं का हे विचारल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका, मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

प्लीहा काढलेल्या मुलाचा कुठलाही ताप हा तातडीचा. छातीत धडधड, थोड्या श्रमाने धाप, पायावर सूज, अचानक वाढलेली तहान आणि लघवी, हे लोहाने हृदय किंवा स्वादुपिंड गाठल्याचं लक्षण असू शकतं. हृदयाबाबत एक दिलासा आहे: लोहामुळे कमकुवत झालेलं हृदय जोरदार चिलेशनने पुष्कळदा सावरतं, वेळेत कळलं तर.

सिकल सेल असेल तर हा लेख जसाच्या तसा वापरू नका

विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल जास्त आहे, काही मुलांना सिकल-बीटा थॅलसेमियाही असतो. तिथेही ऑक्सिडेटिव्ह ताण मोठा आहे, पण त्याची वाट वेगळी: पेशी वाकडी होणं, रक्तवाहिनी अडणं, पेशी रक्तातच फुटणं. त्या आजारात एल-ग्लुटामाइन हे ऑक्सिडेटिव्ह ताणावरचं औषध अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झालं. ती मंजुरी थॅलसेमियासाठी नाही. उलट थॅलसेमियाचे रक्त चढवण्याचे नियम सिकल सेलला लावले तर हिमोग्लोबिन नको इतकं वाढून रक्त घट्ट होण्याचा धोका असतो. निदानाचा कागद नीट वाचून घ्या.

आणि थॅलसेमिया मायनर, म्हणजे वाहक, असलेल्या भावंडांना यातलं काहीही लागत नाही. त्यांचं हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, एवढंच. त्यांना लोहाची खरी कमतरता असू शकते, आणि ती फेरिटिनने सिद्ध झाली तर लोह द्यायचं. फिकट दिसतो म्हणून अंदाजाने नाही.

पुढच्या भेटीला जाताना

वही, औषधांची पाकिटं आणि हे प्रश्न कागदावर लिहून न्या. गेल्या वर्षात दर किलोमागे किती रक्त लागलं? फेरिटिनची दिशा काय? हृदयाचा आणि यकृताचा एमआरआय कधी? मुलाचं वजन वाढलंय, मग चिलेशनचा डोस वाढला का? हा शेवटचा प्रश्न फार घरांत राहून जातो. तीन वर्षांपूर्वी ठरलेला डोस तसाच चालू असतो आणि मूल सहा किलोंनी वाढलेलं असतं. औषध रोज देऊनही लोह चढत जातं. व्हिटॅमिन डी, झिंक, थायरॉइड, साखर आणि उंची-वजनाचा तक्ता वर्षातून एकदा, दहाव्या वर्षानंतर वयात येण्याच्या खुणांची तपासणी. आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी भावंडांची एचएलए जुळवणी (दात्याच्या आणि मुलाच्या पेशींची ओळख जुळते का ही तपासणी) झाली नसेल तर त्याबद्दल विचारा, कारण लोहाने यकृत खराब होण्याआधी, लहान वयात केलेल्या ट्रान्सप्लांटचे निकाल सगळ्यात चांगले येतात.